दोऱ्याची दिशा, उजेडाची दिशा

पंजाबातल्या जुन्या ‘बाग’ फुलकारीवर सोनेरी पिवळ्या चौकटी दिसतात. काही उजळ, काही जरा गडद. दोन पिवळे वापरले असावेत, असं पाहणाऱ्याला वाटतं. ओढणी काटकोनात फिरवली की उजळ चौकटी गडद होतात आणि गडद होत्या त्या उजळतात. दोरा एकच असतो. ‘पट’ नावाचं, पीळ न दिलेलं रेशीम. जाड्याभरड्या खादीच्या उलट बाजूने धागे मोजत घातलेले लांब टाके. आणि शेजारशेजारच्या चौकटींत टाक्यांची दिशा तेवढी बदललेली. इथे उभे, तिथे आडवे. दोन छटांचं काम त्या बायकांनी एका रंगात भागवलं.

भरतकामातून निसर्गदृश्य उभं करायचं असेल, तर पहिला धडा या फुलकारीचा घ्यावा, असं माझं मत आहे. चित्रकारांकडे मागाहून वळता येईल. कॅनव्हासवरचा रंग एकदा वाळला की खोलीत कुठूनही पाहा, साधारण तसाच दिसतो. दोऱ्याचं तसं नसतं. प्रत्येक दोरा म्हणजे एक बारीक, लांबलचक दंडगोल. त्यावर काटकोनात पडलेला उजेड त्याच्याभोवती पंख्यासारखा पसरतो. पण दोऱ्याच्या लांबीला धरून तिरका आलेला उजेड त्याच तिरकेपणाने पलीकडे निघून जातो.

समजा, चित्र भिंतीवर आहे, डाव्या हाताला खिडकी आहे आणि आपण समोर उभे आहोत. उभ्या टाक्यांवर खिडकीचा उजेड आडवा पडतो आणि त्यातला काही थेट आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. ते टाके चमकतात. आडव्या टाक्यांवरचा उजेड मात्र उजवीकडे सटकतो; आपल्या वाट्याला दोऱ्याचा मूळ रंग तेवढा येतो, तोही खोल वाटणारा. संध्याकाळी बाहेरचा उजेड गेला आणि छताजवळचा दिवा लागला की हिशेब उलटतो. आता वरून येणाऱ्या उजेडाला आडवे टाके काटकोनात असतात, म्हणून तेच उजळतात आणि उभे मावळतात.

तळ्याचं पाणी आडव्या टाक्यांनी भरलं आणि काठावरची झाडं उभ्या टाक्यांनी, तर दिवसा झाडांवर ऊन असतं आणि रात्री पाणी चकाकतं. एका दिवसात दृश्य दोनदा बदलतं. जास्तीचा एकही रंग लागत नाही. बदलत्या उजेडाचं चित्र काढणं ही एक गोष्ट झाली. चित्रच उजेडाबरोबर बदलणं ही दुसरी, आणि ती दोऱ्याला जितकी सहज जमते तितकी तेलरंगाला जमत नाही. धूपछाँव पैठणीत हेच वेगळ्या वाटेने घडतं: ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, दोघांच्या दिशा एकमेकींना काटकोनात. नेसणारी चालते तसे घडीघडीतले कोन बदलतात, आणि कधी एक रंग वर येतो, कधी दुसरा.

अर्थात सगळे दोरे असे वागत नाहीत. रेशमाच्या कोशातून निघणारा तंतू शेकडो मीटर सलग असतो, आणि आडवा छेद घेतला तर तो गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणासारखा दिसतो. तंतूवरचा नैसर्गिक डिंक उकळून काढला की गुळगुळीत पृष्ठभाग उरतो आणि उजेड त्यावरून नीट परततो. कापसाचा तंतू आखूड, चपटा आणि स्वतःभोवती पिळवटलेला; त्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या जॉन मर्सरने १८४४ च्या सुमारास सुती कापडावर कॉस्टिक सोड्याचा प्रयोग केला. तंतू फुगून गोलसर झाले, रंगही चांगला धरू लागले, पण कापड इतकं आटलं की गिरणीवाल्यांनी फारसा रस घेतला नाही. पुढे १८९० मध्ये होरेस लोव्हने हीच क्रिया दोरा ताणून धरून केली. आटणं थांबलं आणि चमक आली. आपल्याकडे दुकानात भरतकामाचं ‘रेशीम’ म्हणून मिळणारी सहा पदरांची लडी बहुधा अशी मर्सराइज्ड सुतीच असते. तिच्यात दिशेचा खेळ चालतो, पण खऱ्या रेशमापेक्षा मंद. लोकरीचा तंतू खवलेदार आणि कुरळा. तो जवळजवळ चमकतच नाही. शेवाळ, मेंढरं, नांगरलेली जमीन यांच्यासाठी लोकर उत्तम, पाण्यासाठी निरुपयोगी.

पिळाचाही असाच हिशेब आहे. पीळ दिला की तंतूची दिशा प्रत्येक वळणाला बदलते आणि सलग चमकेचे तुकडे होतात. म्हणून शिवणाचा घट्ट पिळाचा दोरा बारीक टिपक्यांनी लुकलुकतो, तर बिनपिळाचं रेशीम पट्ट्याने उजळतं. जपानी भरतकामात कारागीर रेशमाला हवा तेवढा पीळ स्वतः हाताने देतो. मेजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ या वर्षांत, क्योटोच्या कारखान्यांनी परदेशी गिऱ्हाइकांसाठी आणि जागतिक प्रदर्शनांसाठी भिंतभर रेशमी निसर्गचित्रं केली. आज डिपार्टमेंट स्टोअर म्हणून ओळखलं जाणारं ताकाशिमाया तेव्हा किमोनोचा व्यापार करणारं दुकान होतं आणि या भरत-चित्रांच्या व्यवहारात त्याचं नाव मोठं होतं.

चीनमध्ये सू-झोऊ शहराच्या परंपरेत शेन शौ (१८७४–१९२१) या बाईंनी दिशेचा विचार आणखी पुढे नेला. १९०४ साली राजमाता त्सशीच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्यांचं भरतकाम भेट म्हणून गेलं, आणि ‘शौ’ म्हणजे दीर्घायुष्य हे नाव त्यांना तिच्याकडून मिळालं. त्यानंतर त्या जपानला जाऊन आल्या. पाश्चात्त्य चित्रांतला छायाप्रकाश त्यांनी नीट पाहिला आणि रेशमात आणला. ठरलेल्या नमुन्याने कापड भरण्याऐवजी गालाची गोलाई, कपड्याची चुणी जशी वळेल तसा टाका वळवायचा. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात त्यांनी भरलेल्या येशूच्या चित्राला मोठा मान मिळाला. आजारपणात त्यांनी आपलं सगळं तंत्र तोंडी सांगितलं आणि उद्योजक चांग च्येन यांनी ते लिहून घेतलं. १९१९ मध्ये त्याचं पुस्तक झालं. हाताला ठाऊक असलेली विद्या करणारणीच्या शब्दांत कागदावर येणं कुठेही दुर्मीळ, म्हणून या पुस्तकाचं मोल मोठं. सू-झोऊच्या भरतकामात एका रेशमी दोऱ्याचे सोळा आणि त्याहून बारीक पदर काढतात, आणि आकाश, धुकं, पाणी यांच्यासाठी बरंच रेशमी कापड कोरंच सोडतात. आकाश ठासून भरण्याचा मोह नवशिक्याला हमखास होतो. भरलेलं आकाश जड होतं आणि डोंगरांच्या डोक्यावर येऊन बसतं. कापड आधी फिकट रंगवून घ्यावं, किंवा कोरं राहू द्यावं.

चमकेशिवाय उजेड पकडायचा आणखी एक मार्ग आहे आणि तो आपल्या गोधडीत आहे. दोन-तीन थर एकत्र धरून धावदोरा घातला की दोन टाक्यांच्या मधलं कापड किंचित फुगतं आणि टाक्याच्या जागी दबतं. ओळीमागून ओळ घातली की सगळ्या पृष्ठभागावर बारीक चढउतार तयार होतात. समोरून दिवा लावला तर ते दिसतही नाहीत. बाजूने, कापडाला घासून उजेड आला की प्रत्येक फुगवट्याची सावली पडते. नांगरलेली शेतं, वाळूवरच्या लाटांच्या खुणा, वाऱ्याने झुकलेलं गवत हे सारं पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने उमटवता येतं. बंगालची कांथा, बिहारची सुजनी यांचं तत्त्व हेच. कॅनडाच्या डोरोथी काल्डवेल यांनी सुजनीचा अभ्यास केला आणि स्वतःच्या मोठ्या कापडांवर भूप्रदेश मांडताना साध्या टाक्यांवरच भर दिला. आपल्याकडे गोधडी आता प्रदर्शनांत मांडली जाते, विकली जाते. पण तिच्यातून समोरचा डोंगर शिवून पाहावा, हा विचार अजून फारसा रुजलेला दिसत नाही. वस्तू पांघरायची म्हणून तिच्याकडे चित्र म्हणून पाहायचं नाही, अशी आपली एक जुनी अढी आहे.

आता रंगाकडे येऊ. रंगशास्त्रातला एक मोठा शोध कापडाच्याच कारखान्यात लागला, हे चित्रकलेच्या पुस्तकांत क्वचितच ठळकपणे सांगितलेलं असतं. पॅरिसच्या गोबलाँ या भिंतपडदे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात १८२४ मध्ये मिशेल-युजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाची रंगाई विभागावर नेमणूक झाली. तक्रार अशी होती की काळी लोकर पुरेशी काळी दिसत नाही, विशेषतः निळ्या-जांभळ्यांच्या शेजारी. शेव्रलने लोकर तपासली. रंगात खोट नव्हती. खोट शेजाराची होती. डोळा कोणताही रंग एकटा पाहत नाही. शेजारचा रंग आपल्या विरुद्ध छटेची झाक त्यावर टाकतो. १८३९ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे सरा-सिन्याकसारख्या चित्रकारांनी ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवताना त्याचा आधार घेतला. शेव्रल १०२ वर्षं जगला, म्हणजे आपल्या शोधाचं चित्रांत काय झालं ते पाहायलाही त्याला सवड मिळाली. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने तर लाखेच्या डबीत रंगीत लोकरीचे गोळे ठेवले होते. दोन-तीन रंगांची लोकर एकत्र गुंडाळून कोणता रंग कशाशेजारी काय करतो ते तो पाहायचा. अ‍ॅम्स्टरडॅमच्या त्याच्या संग्रहालयात ती डबी अजून आहे.

दोऱ्यांचे रंग पॅलेटवरच्यासारखे कालवता येत नाहीत. ते शेजारी ठेवायचे आणि मिसळायचं काम डोळ्यावर सोपवायचं. याला अंतराचं गणित आहे. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखतो. म्हणजे तीन मीटरवरून पाहिलं तर एक मिलिमीटरपेक्षा जरा बारीक गोष्टी वेगळ्या दिसेनाशा होतात. एका मीटरवर ही मर्यादा सुमारे ०.३ मिलिमीटर. लडीतला एक सुटा पदर जवळपास तेवढाच जाड. म्हणून एकपदरी टाके हातभर अंतरावर वेगळे दिसतात आणि जरा मागे सरकलं की मिसळतात. दुसरी युक्ती सुईतच रंग मिसळण्याची: एक पदर पोपटी, एक राखाडी, दोन्ही एकाच सुईत ओवायचे. टाका घालताना पदर आपोआप पिळले जातात, कधी हा वर येतो, कधी तो. उन्हातल्या गवताला असला अस्थिर हिरवा फार शोभतो.

१८९०-९१ मध्ये क्लोद मोने गवताच्या गंजी रंगवत होता. उजेड बदलला की तो हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा आणि तीच वेळ पुन्हा आली की पहिल्याकडे वळायचा. भरतकाम करणाऱ्याला ही चैन नाही. दाट भरणीचा तळहाताएवढा तुकडा पुरा व्हायला अख्खा दिवस सहज जातो, आणि सूर्योदयाचा तो विशिष्ट नारिंगी काही मिनिटांत संपलेला असतो. तेव्हा जागेवर बसून शिवायचं ते चित्र नसतं, टिपण असतं.

टिपणाची सगळ्यात चांगली पद्धत पेन्सिलीचीसुद्धा नाही. पुठ्ठ्याची एक पट्टी घ्यायची, पिशवीत वीस-पंचवीस लड्या ठेवायच्या आणि समोर दिसतं त्या प्रमाणात दोरा पट्टीवर गुंडाळायचा. आकाश दृश्याचा निम्मा भाग असेल तर निम्मी पट्टी त्याच रंगांची. मधे कुठे कौलांचा लाल चिमूटभर असेल तर त्याचे दोनच वेढे. पट्टीच्या मागे वेळ आणि उन्हाची बाजू लिहायची. तासाभराने त्याच जागी दुसरी पट्टी करून पाहा: ‘डोंगर हिरवा’ हे आपण डोक्याने म्हणत होतो, डोळ्याने नव्हे, हे तिथल्या तिथे कळतं. सकाळच्या पट्टीवर तोच डोंगर जांभळट राखाडी असतो. फोटो काढावाच, आकारांसाठी. रंगासाठी त्यावर विसंबू नये. मोबाइलचा कॅमेरा उजेडाचा पिवळेपणा स्वतःहून कमी करतो, सावल्या एक तर काळ्या करतो नाही तर उचलून सपाट करतो. ज्या कारणासाठी आपण संध्याकाळी साडेपाचला टेकडीवर गेलो, तेच तो दुरुस्त करून टाकतो.

उदाहरणादाखल हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा घेऊ. कड्याचं तोंड पश्चिमेला; सकाळभर तो सावलीत असतो आणि दुपार कलली की उजळू लागतो. सह्याद्रीचा हा सगळा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांचा. त्यामुळे डोंगरांवर आडव्या पट्ट्या दिसतात: उभा काळा कातळ, मग गवताची अरुंद पायरी, पुन्हा कातळ. शिवणाऱ्याला याहून सोयीचा भूगोल मिळणं कठीण. पायऱ्यांना आडवे टाके, कातळाला उभे. दिशा डोंगरानेच ठरवून दिलेल्या. पण इथे एक पेच आहे. बाजूच्या खिडकीच्या उजेडात उभे टाके चमकतात, म्हणजे कातळ चमकेल. पावसाळ्यातला कडा असेल तर हरकत नाही, ओला बेसाल्ट चमकतोच. तिथे काळसर निळं रेशीम खुशाल वापरावं. उन्हाळ्यातला कोरडा कातळ मात्र उजेड गिळतो. त्याला मंद सुती दोरा किंवा लोकर हवी, आणि वर गवताच्या पायऱ्यांना पिवळट रेशीम.

दूरच्या रांगा निळसर का दिसतात हे शाळेत शिकवतात: आपल्या आणि डोंगराच्या मधली हवा उजेड विखुरते, निळा अधिक, आणि तो विखुरलेला उजेड डोंगराच्या रंगावर चढतो. चित्र करताना यातला महत्त्वाचा भाग निळेपणाचा नाही, चढण्याचा आहे. अंतर वाढतं तसा गडद रंग फिका होतो. सावली आणि ऊन यांतला फरक मिटत जातो. म्हणून दूरच्या रांगेला गडद निळा दोरा घेतला तर ती दूर जाण्याऐवजी पुढे उडी मारते. मागच्या रांगा एकपदरी, बारीक, जवळपास एकाच छटेच्या टाक्यांनी. पुढचं गवत सहाही पदरांनी. काम नेहमी मागून पुढे करत यावं, म्हणजे जवळच्या डोंगराची कड दूरच्या टाक्यांवर चढते.

पावसाळी हवेचं काम वेगळं. तेव्हा हवेतले पाण्याचे बारीक थेंब सगळेच रंग सारखे विखुरतात आणि धुकं पांढरं दिसतं. याला ऑर्गंडीसारखं दुसरं साधन नाही. सगळ्यात मागची रांग भरून झाली की तिच्यावर ऑर्गंडीचा पातळ पांढरा थर घालायचा, त्यावर मधली रांग, मग पुन्हा थर, आणि शेवटी सगळ्यांच्या वर अगदी जवळचा उतार. मागच्या रांगेवर दोन थर येतात, मधलीवर एक, पुढचीवर एकही नाही. हवा जे करते तेच कापड करतं, काळ्यावर पांढरा उजेड चढवतं. ऑर्गंडी कापली की कड सुटते. धुक्याला ती सुटी कड बरी दिसते, फक्त अधूनमधून अदृश्य टाका घालून तिला जागेवर ठेवावं. धबधब्याला टाके घालतच बसू नये. बिनपिळाच्या रेशमाचा झुपका वरून खाली सोडावा आणि मधे मधे बारीक आडव्या टाक्यांनी टाचावा.

पाऊस ओसरला की सड्यांवर सोनकीची पिवळी आणि तेरड्याची गुलाबी फुलं पसरतात. तिथे गाठीचा टाका. सगळे तो फूल उठावदार दिसावं म्हणून घालतात. मला त्यातलं दुसरं कारण जास्त मोलाचं वाटतं. गाठीत दोरा स्वतःभोवती गुंडाळलेला असतो, म्हणजे तिला ठरलेली दिशाच नसते. उजेड कुठूनही येवो, गाठ साधारण सारखीच दिसते. भोवतालचं गवत दिवसभर रंग बदलत राहतं आणि फुलं आपल्या जागी ठाम. अशा काही ठाम जागा चित्रात असल्या की बाकीचं बदललेलं डोळ्याला जाणवतं.

उन्हाळ्यातल्या सोनेरी गवतावरच्या सावलीला काळा दोरा घेऊ नये. उघड्यावरच्या सावलीत सूर्याचा थेट उजेड नसला तरी निळ्या आकाशाचा असतो, म्हणून ती निळसर असते. आणि शेव्रलचा नियम इथे मदतीला येतो: नारिंगीपिवळ्याच्या शेजारी साधा राखाडी दोराही निळसर भासतो. मुद्दाम निळा घेतला तर दोन्ही मिळून तो जास्तीचा होतो.

तिन्हीसांजेचा हिशेब आणखी निराळा, आणि तो हवेपेक्षा आपल्या डोळ्यांत घडतो. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवलं की अंधूक उजेडात लाल फुलं काळपट पडतात आणि निळी-हिरवी त्या मानाने उजळ राहतात. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या ज्या पेशी काम हाती घेतात, त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही. म्हणून कातरवेळेच्या चित्रात कौलारू घराचं छप्पर झाडांपेक्षा आधी काळवंडलं पाहिजे. लाल दोरा थोडा गडद केला की काम भागेल असं वाटतं, पण तपकिरी-काळ्याकडे जावंच लागतं. उलट बांधावरचं गवत फिकट, थंड हिरव्यानेच भरावं.

दोरे निवडायचे ते दिवसाउजेडी. दोन हिरवे दुकानातल्या दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि घरी खिडकीशी आणल्यावर एक पिवळट, दुसरा निळट निघतो, हा अनुभव ब्लाउजपीस घेणाऱ्या कुणालाही नवा नाही. युरोपी पुस्तकं यासाठी उत्तरेकडची खिडकी सुचवतात, कारण तिथे तिच्यातून भर दिवसा थेट ऊन येत नाही. महाराष्ट्रात हा सल्ला जसाच्या तसा चालत नाही. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्यही डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, आणि मार्च ते सप्टेंबर तो उगवतो-मावळतो तोच पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला. खिडकी कोणतीही असो, ऊन थेट आत नसलेली वेळ बघावी, एवढंच.

उजेड चित्र दाखवतो तसा तो खातोही. युरोपातल्या जुन्या विणलेल्या भिंतपडद्यांवरची झाडं आज निळी दिसतात. ती विणली तेव्हा हिरवी होती. निळ्यावर वनस्पतीचा पिवळा चढवून तो हिरवा केला होता. शतकांच्या उजेडात पिवळा उडाला आणि निळा टिकला. हळदीच्या पिवळ्याला तर शतकंही लागत नाहीत, काही दिवसांचं ऊन पुरतं. नीळ बरीच टिकाऊ, मंजिष्ठाही. हाताने रंगवलेला कुठलाही दोरा वापरण्याआधी त्याची पट्टी करून अर्धी काळ्या कागदाने झाकावी आणि उन्हाच्या खिडकीत महिनाभर ठेवावी. कापडउद्योगात याच कामासाठी वेगवेगळ्या टिकाऊपणाच्या निळ्या रंगांत रंगवलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्या वापरतात. तपासायचा नमुना त्यांच्याबरोबर उजेडात ठेवायचा आणि तो कितव्या पट्टीबरोबर उडतो ते पाहायचं. संग्रहालयं कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. घराच्या मानाने तो बराच अंधूक; घरी तितकं जमणार नाही, पण थेट ऊन येणारी भिंत तरी टाळता येते.

राहिला चौकटीचा प्रश्न. काच लावली की तिचीच चमक रेशमाच्या चमकेवर मात करते, आणि काच टाक्यांना टेकली तर गाठी दबतात. कोकणातल्या दमट हवेत आत बुरशीही धरते. न लावली तर धूळ बसते, आणि लोकर असेल तर कसर लागते. लावायचीच असेल तर काच आणि कापड यांच्यात कडेने लाकडी पट्ट्या घालून बोटभर जागा सोडावी. छोट्या चित्रांना मी काच न लावण्याच्या बाजूचा आहे. चित्राच्या पाठीवर रंगांची यादी असते तशी उजेडाचीही एक ओळ असावी: बाजूने की वरून, आणि तिरके टाके असतील तर डावीकडून की उजवीकडून, कारण तिरक्या टाक्यांना हा फरक पडतो. उभ्या-आडव्यांना पडत नाही. विकत नेणारा ती ओळ वाचेलच असं नाही. भिंतीवर खिळा जिथे आधीच ठोकलेला असतो, तिथेच बहुतेक चित्रं लागतात.